राइफांच्या दारातलं झाड

आमच्या एर्लेनाउत नगराध्यक्ष निवडून आला की त्याच्या दारात झाड उभं करतात. फर नावाच्या सूचिपर्णी झाडाचा सरळसोट बुंधा, साल तासलेला, शेंड्याला तेवढा हिरवा झुपका राखलेला. झुपक्याखाली डहाळ्यांचं कडं, त्याला लाल-पांढऱ्या फिती, आणि माणसाच्या उंचीवर पाटी: 'आमचे नगराध्यक्ष'. पुढच्या निवडणुकीपर्यंत, म्हणजे सहा वर्षं, ते तिथंच उभं राहतं. ज्याच्या दारात झाड त्याची बेल वाजवायला वेळकाळ पाहायची नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मी गेर्लिंडे. चर्चच्या उतारावरची 'तांबडा बैल' ही खाणावळ माझी, आणि अगदी समोर ओटमार राइफचं घर. मधला रस्ता इतका अरुंद की बिअरची गाडी आली की दोन्ही बाजूंच्या खिडक्या मिटून घ्याव्या लागतात. त्यामुळे छत्तीस वर्षं ओटमारच्या दारात कोण आलं, किती वेळ थांबलं आणि जाताना तोंड कसं होतं, हे मला मुद्दाम न बघताही कळायचं. मी मुद्दाम बघायचे, ते वेगळं.

ओटमार धंद्यानं धुराडी साफ करणारा. आमच्याकडे हा माणूस शुभ समजतात. नव्या वर्षी रस्त्यात भेटला तर त्याच्या काळ्या कोटाच्या बटणाला बोट लावून पुढं जातात. शिवाय कायद्यानं प्रत्येक घराला धुराडं तपासून घ्यावंच लागतं, तेव्हा त्याला दार उघडत नाही असं घर नाही. कोण ओली लाकडं जाळतं, कोण रंगवलेलं जुनं कपाट गुपचूप शेगडीत घालतं, कुठल्या घरातलं जोडपं वेगवेगळ्या खोल्यांत झोपतं, सगळं त्यानं बघितलेलं. आणि यातलं एक अक्षर त्यानं कधी बाहेर काढलं नाही. पहिली निवडणूक तो जिंकला ती ह्या गप्प बसण्यावर. समोर डॉक्टर उभा होता. डॉक्टर बोलका होता.

तेव्हा ओटमार तिशीचाही नव्हता. पुढं सांडपाण्याचा प्रकल्प त्यानं आणला, मालमोटारी गावाबाहेरून वळवल्या, पोरं कमी म्हणून शाळा बंद पडणार होती ती टिकवली. शेजारच्या मोठ्या गावानं आम्हाला पोटात घ्यायचा घाट घातला होता, तो ह्यानं जिल्ह्याच्या कचेरीत ठाण मांडून हाणून पाडला. जत्रेत बिअरच्या पिंपाची तोटी तोच ठोकायचा. ऐंशी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या वाढदिवसाला टोपली घेऊन तोच जायचा. नोंदणीची लग्नंही तोच लावायचा. माझंही त्यानंच लावलं; ते टिकलं नाही, त्यात त्याची चूक नव्हती.

नगराध्यक्ष म्हणून तो चांगलाच होता. हे एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी.

दोन निवडणुकांत तर त्याच्यासमोर कुणी उभंच राहिलं नाही. माणसाचं तिथंच बिघडतं. नवं काही सुचवलं की तो म्हणायचा, "ते आपण करून बघितलंय." केलेलं नसायचं. पण तो इतक्या शांतपणे सांगायचा की सुचवणाऱ्यालाच वाटायचं, आपण तेव्हा परगावी असू.

त्याची बायको रोस्विता. लाकूड कापायच्या गिरणीवाल्याची मुलगी. हात मोठे, आवाज लहान. बेल वाजली की दार ती उघडायची, कॉफी ती ठेवायची, आणि माणूस बोलायला लागला की आपली ताटली उचलून स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभ्यानं जेवायची. शनिवारी ती माझ्याकडे बटाट्याचे गोळे वळायला यायची. पैशासाठी नव्हे. आमच्या मुदपाकखान्याला दार होतं आणि ते लागत होतं.

शेवटच्या निवडणुकीच्या आदल्या दिवशी बटाटे किसता किसता ती म्हणाली, "गेर्लिंडे, ह्या खेपेला तो निवडून आला तर मी बांबेर्गला जाते. हिल्डेकडे."

हिल्डे तिची बहीण. मी विचारलं, किती दिवस?

"परत यायचं नाही म्हणून जाते."

"भांडलात?"

"भांडायला माणूस घरात लागतो ग," ती म्हणाली आणि पुढचा बटाटा घेतला.

तिचं सामान हिल्डेच्या माडीवर थोडं थोडं करून आधीच गेलं होतं, हे मला नंतर समजलं. ओटमारला कपाट रिकामं झालेलं दिसलं नव्हतं.

ह्या वेळी समोर उमेदवार होती. वेरेना, चाळिशीची, गाडी शिकवणारी. अर्ध्या गावाला मागं घेऊन गाडी लावायला तिनं शिकवलेलं. ज्याला जमत नसे त्याच्यावर ती कधी ओरडली नाही. तिला नगर परिषदेत आणलं होतं ओटमारनंच. यादीत एक बाई हवी, असं तेव्हा तो माझ्याच टेबलावर म्हणाला होता. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

आता झाडाचं सांगते, कारण घोटाळा तिथंच झाला.

झाड खरं तर निकालानंतर उभं करायचं असतं. पण तीन निवडणुकांमागं निकालानंतर सगळे पिऊन तर्र होते, आणि झाड आडवं झालं ते रोस्विताच्या काचघरावर. टोमॅटोची रोपं तर गेलीच, पण झाड उभं करणाऱ्या आमच्या आगीच्या बंबवाल्यांची अब्रूही गेली. तेव्हापासून त्यांचा प्रमुख हार्टविग ह्यानं सुरक्षिततेसाठी पद्धत बदलली. मतदान चालू असतानाच, दुपारी, शुद्धीवरच्या माणसांनी झाड उभं करायचं. पाटी कापडानं झाकायची, निकाल लागला की कापड ओढायचं. ओटमारच्या अंगणात काँक्रीटमध्ये कायमचा लोखंडी नळा बसवला, त्यात बुंधा सोडला की काम झालं. हार्टविगनं हा नळा बसवताना कुणालाही वाटलं नाही की नगराध्यक्ष दुसऱ्या घरातही राहू शकतो.

त्या रविवारीही तसंच झालं. क्रेन बांधकामवाल्याची, ती सोमवारी परत द्यायची होती. दुपारी झाड उभं राहिलं, ओळंब्यानं तपासलं, कापड लावलं. मी बंबवाल्यांना सॉसेज आणि आंबट कोबी दिला. रोस्विता खिडकीत आली, झाडाकडे बघितलं आणि खिडकी लावली.

संध्याकाळी शाळेच्या सभागृहात मोजणी झाली. वेरेना विसेक मतांनी निवडून आली.

कुणी ओरडलं नाही, टाळ्याही उशिरा वाजल्या. वेरेनाच्या चेहऱ्यावर, वर्गात चुकून पहिला नंबर आलेल्या पोरीसारखी भीती होती. ओटमार उठला, तिच्यापर्यंत गेला, हात मिळवला आणि म्हणाला, "अभिनंदन पोरी. उद्या ये, किल्ल्या कुठल्या कुठल्या ते दाखवतो." आवाज जरासुद्धा हलला नाही. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला. रोस्विता माझ्याशेजारी बसली होती. तिनं माझा हात असा दाबला की अंगठी बोटात रुतली. दुसऱ्या दिवशी तिनं हिल्डेला कळवलं की सामान परत पाठव.

आणि दारात झाड तसंच होतं. वाऱ्यानं रात्रीत कापड उडवून नेलं होतं आणि पाटी सगळ्यांना दिसत होती.

हे काढायचं कुणी? माणसाला वाटेल, ज्यानं लावलं त्यानं. हार्टविग म्हणाला, आम्ही झाड गावातर्फे बहाल केलंय, मुदत सहा वर्षं. नगराध्यक्षानं सांगितल्याशिवाय हात लावता येत नाही. मे महिना लागेपर्यंत नगराध्यक्ष ओटमारच होता. ओटमार म्हणाला, मला बहाल केलेली वस्तू मीच काढून टाकायची म्हणजे देणाऱ्याचा अपमान. मग वेरेनासाठी दुसरं आणावं म्हटलं, तर गावच्या जंगलातून निवडणुकीला एकच झाड तोडायचं, असा ठराव होता. काटकसर म्हणून तो ओटमारनंच पंचवीस वर्षांमागं करून घेतलेला. मे महिन्यात वेरेनानं सूत्रं घेतली. तिनं ठराव बदलावा म्हटलं, तर नगराध्यक्ष झाल्या झाल्या बाईनं पहिली सही स्वतःच्या झाडासाठी केली, असं झालं असतं. बुंधा गावचा, मेहनत बंबवाल्यांची, नळा ओटमारच्या अंगणात, आणि फिती चर्चच्या बायकांनी शिवलेल्या. एवढ्या मालकांचं झाड तोडणं सोपं नसतं.

खरी गोष्ट वेगळी होती. ओटमारच्या तोंडावर 'झाड काढा' म्हणायला कुणी तयार नव्हतं. त्यानं कुणाची लग्नं लावलेली, कुणाच्या बापाच्या कबरीवर बोललेला, कुणाचं धुराडं पेटलं तेव्हा तो बंबाच्या आधी पोहोचलेला. सगळे मूग गिळून बसले. त्यात मीही होते.

मी एकदा वेरेनाला म्हटलं, "तू सांग त्याला. आता तू नगराध्यक्ष आहेस."

"माझं लग्न त्यांनी लावलंय, गेर्लिंडेबाई," ती म्हणाली. "मी त्यांना काय सांगू, दारातलं काढा म्हणून?"

आणि बेल वाजतच राहिली. झाड दिसतं म्हटल्यावर वाजणारच. परगावचे लोक तर पाटी वाचून येत. गटार तुंबलं म्हणून म्हातारे येत, तारीख हवी म्हणून लग्नाळू जोडपी येत. ओटमारनं एकदाच म्हणायला हवं होतं, आता माझ्याकडे नाही, वेरेनाकडे जा. तो म्हणायचा, "या, आत या." मग रोस्विता कॉफी ठेवायची. मग तो दूरध्वनी उचलून म्हणायचा, "राइफ बोलतोय, एर्लेनाउहून," आणि जिल्ह्याच्या कचेरीत कुणी विचारत नसे की तो कुठल्या खुर्चीवरून बोलतोय.

वेरेनानं बसचा थांबा शाळेसमोर हलवायचं ठरवलं. रस्ता बघायला आलेल्या बस कंपनीच्या माणसानं झाड बघून ओटमारची बेल वाजवली. ओटमारनं त्याला कॉफी पाजून सांगितलं की ते आम्ही करून बघितलंय. आठवडाभर पोरं शाळेसमोर उभी राहायची आणि बस खालच्या बाजाराशी. आयांनी वेरेनाला फैलावर घेतलं. तिनं कुणाचं नाव न सांगता ऐकून घेतलं. मला तिचा राग आला, ओटमारचा त्याहून जास्त आला. पण संध्याकाळी तो माझ्याकडे येऊन नेहमीच्या कोपऱ्यात बसला, तेव्हा मी त्याला नेहमीची बिअर दिली.

रोस्विताचं मला बघवत नव्हतं. घर तिला मिळालंच नव्हतं. नवऱ्याची खुर्ची गेली आणि खुर्चीकडे येणारी माणसं तेवढी उरली. शनिवारी ती गोळे वळायची, पण बोलायची नाही. एकदा मी विचारलं, हिल्डेकडचं सामान आलं का? ती म्हणाली, "आलं. बांधलेलंच ठेवलंय."

जून महिन्यात बाबेट आजी नव्वद वर्षांची झाली. ती खालच्या गिरणीजवळ राहते, कान शाबूत, डोळे अधू. तिसऱ्या प्रहरी अर्धं गाव तिच्या अंगणात होतं. केक माझ्याकडचे, म्हणून मीही होते. वेरेना टोपली घेऊन आली. टोपलीत मध, वाइन, हवाबंद सॉसेज, गावचं चिन्ह असलेला मग, जे नेहमी असतं ते. आणि तिच्या मागोमाग ओटमार आला, तशीच टोपली घेऊन. ती त्यानं स्वतःच्या पैशानं भरली होती. त्याच्या मनात वाईट नव्हतं, एवढं मी शपथेवर सांगेन. बाबेट आजीच्या ऐंशीला तो गेला होता, पंचाऐंशीला गेला होता. नव्वदीला न जाणं त्याच्या पायांना माहीत नव्हतं.

वेरेनानं वाकून शुभेच्छा दिल्या आणि सांगितलं की मी नगराध्यक्ष म्हणून आलेय.

बाबेट आजीनं तिचा हात थोपटला. "हो बाळा. पण झाड ओटमारच्या दारात आहे ना? मला नात चर्चला नेते तेव्हा मी रोज हात लावून बघते." मग ती वळली. "या अध्यक्ष. इथं माझ्याशेजारी बसा."

ओटमारनं फक्त उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं. त्यानं वेरेनाकडे बघितलं. मग तो आजीशेजारी बसला आणि त्यानं चीजकेकचा तुकडा घेतला. वेरेनानं टोपली पायरीवर ठेवली, सगळ्यांचा निरोप घेतला आणि गेली. गाडी तिनं अगदी व्यवस्थित मागं घेतली.

मी परतले तेव्हा रोस्विता माझ्या मागच्या अंगणात बसली होती. तिला सगळं कळलं होतं. आमच्याकडे बातमी माझ्या गाडीपेक्षा जोरात धावते. थोड्या वेळानं ओटमार आला, हातात रुमालात बांधलेला केक, बाबेट आजीनं रोस्वितासाठी दिलेला. तो त्यानं तिच्यापुढं ठेवला.

तिनं त्याला हातही लावला नाही. "ओटमार, ते झाड काढ."

"ते काढण्याचा अधिकार माझ्याकडे नाही," तो म्हणाला.

छत्तीस वर्षं ज्यानं आमचे सगळे अधिकार वाटले, तो हे सरळ चेहऱ्यानं म्हणाला. मला हसू यायला हवं होतं.

"मग मी हिल्डेकडे जाते."

"कधी येशील?"

"येणार नाही."

ओटमार उभाच होता. त्यानं टोपी काढली, परत घातली. "उद्या बोलू," तो म्हणाला. "उद्या सकाळी ते बसवाले यायचेत." आणि रस्ता ओलांडून घरी गेला. रोस्विता बराच वेळ त्या बंद दाराकडे बघत होती. मग तिनं केक उघडला आणि सगळा खाल्ला.

मला वाटलं, ती आता बॅगा आणायला जाणार. ती सकाळी हार्टविगच्या घरी गेली. हे हार्टविगनंच मला सांगितलं. तो न्याहारी करत होता. ती दारातच म्हणाली, "तुझी साखळीची करवत दे."

"कशाला?"

"झाड पाडायचंय."

"अध्यक्षांना विचारलंस?"

"कुठल्या?" रोस्वितानं विचारलं.

हार्टविगनं करवत दिली. मात्र तिला एकटीनं वापरता येणार नाही, असंही म्हणाला, आणि दोन माणसं, दोर आणि शिरस्त्राणं घेऊन तिच्या मागं आला. तिला जाड संरक्षक विजार चढवायला लावली. रस्त्यावर पट्ट्या बांधल्या, 'काम चालू' असा फलक ठेवला. आमच्याकडे बेकायदा कामसुद्धा नियमानं होतं.

करवतीच्या आवाजानं ओटमार बाहेर आला. कोट अंगात, हातात कॉफीचा पेला; बसवाल्यांची वाट बघत होता. तो एक पायरी उतरला आणि म्हणाला, "रोस्विता, ह्याला परवानगी—"

"घर अर्धं माझ्या नावावर आहे," ती म्हणाली. "हे त्या अर्ध्यात उभं आहे. बाजूला हो."

खिडक्याखिडक्यांत लोक होते. ओटमारनं कुणाकडे बघितलं नाही. तो शेंड्याकडे बघत राहिला, मग नजर बुंध्यावर आणली, रोस्वितानं घेतलेल्या खाचेपर्यंत. छपरांवर आयुष्य गेलेला माणूस तो. मला वाटलं, आता तो हार्टविगला नावानं हाक मारेल आणि सगळं तिथंच थांबेल. हार्टविग थांबला असता, मला शंका नाही.

"खाच चुकलीय," ओटमार म्हणाला. "असं पडलं तर गेर्लिंडेच्या छपरावर जाईल."

त्यानं पेला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, कोट काढून कुंपणावर टाकला आणि हार्टविगच्या हातातला दोर घेतला. उतारावर चार पावलं खाली जाऊन त्यानं पाय रोवले. "आता काप," तो म्हणाला, "मी सांगेन तेव्हा थांब."

झाड रस्त्याच्या मधोमध पडलं, कुणाची कौलं न हलवता. टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. ओटमारनं पाटीचे स्क्रू स्वतः काढले, पाटी हार्टविगकडे दिली आणि हात धुवायला आत गेला. बुंधा हातभर आखूड झाला होता, पण झाड ते झाड; रविवारी तेच वेरेनाच्या दारात उभं केलं. ती बाहेर येऊन रडली, मग सगळ्यांना बिअर पाजली. ओटमारही गेला होता. ओळंबा त्यानंच धरला.

इथं गोष्ट संपायला हवी होती, निदान माझी तशी अपेक्षा होती. रोस्विताच्या बॅगा सुटल्या. पहिल्या दिवशी ती खिडक्या पुसताना गात होती; तिला गाता येतं हे मला माहीतच नव्हतं. ओटमारच्या दारात लोखंडी नळा होता, त्यावर तिनं जिरेनियमची कुंडी ठेवली. आणि बेल वाजेनाशी झाली.

माणसं दुष्ट नाहीत. झाड वेरेनाकडे, म्हणून लोक वेरेनाकडे. एवढं सरळ होतं. बसचा थांबा शाळेसमोर आला आणि पोरं वेळेवर पोहोचू लागली. ओटमार माझ्याकडे बिअरला येईनासा झाला. मी रोस्विताला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कोट घालून दाराजवळच्या खुर्चीवर बसतो. न्याहारी झाली की बसतो तो जेवणापर्यंत. काल त्यानं बेल उघडून तारा तपासल्या."

"काय होतं?"

"काही नाही. चांगली आहे," ती म्हणाली. तिनं गोळे वळायचे थांबवले होते. "मला घर हवं होतं, गेर्लिंडे. मला हे नको होतं."

सोमवारी माझी खाणावळ बंद असते. मी वरच्या खिडकीत बसून टेबलांचे रुमाल दुमडत होते. तेव्हा रोस्विता त्यांच्या मागच्या फाटकातून बाहेर पडली. अंगात चर्चला जायचा कोट, हातात पर्स. मला वाटलं, निघाली बांबेर्गला. पण बॅग नव्हती. ती चर्चला वळसा घालून उतारावरून पुढच्या बाजूनं आली, स्वतःच्याच दारासमोर उभी राहिली, कोट सारखा केला आणि बेल वाजवली.

आतून पावलं धावत आल्यासारखी आली. ओटमारनं दार उघडलं. त्याच्या चेहऱ्यावर जे उजळलं होतं ते तिला बघून उतरलं.

"किल्ली विसरलीस?"

"नाही," रोस्विता म्हणाली. "नमस्कार, राइफसाहेब. माझी एक तक्रार आहे."

रस्त्यात दुसरं कुणी नव्हतं. मी रुमाल हातात धरून बसले होते. तिनं पर्स दोन्ही हातांत धरली होती, जशा सगळ्या बायका त्याच्या दारात धरून उभ्या राहायच्या.

"कशाबद्दल?" त्यानं शेवटी विचारलं.

"निजायच्या खोलीची खिडकी लागत नाही. वारं सुटलं की आपटते. मला झोप येत नाही."

"किती दिवसांपासून?"

"तुमच्या तिसऱ्या निवडणुकीपासून."

ओटमारनं कोटाची बटणं चाचपली. "मग आधी का नाही आलात?"

"आले होते," ती म्हणाली. "तुमच्याकडे नेहमी कुणीतरी असायचं."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग दारातून बाजूला झाला. "आत या," तो म्हणाला. "बसा. कॉफी मी ठेवतो."

ती आत गेली आणि दार लागलं. मी उरलेले रुमाल दुमडले.